घोणस चावल्यानंतरचं वर्ष

प्रिय आक्का,

फोनवर तुझं निम्मं लक्ष म्हशीकडं असतं आणि माझं वॉर्डाकडं, म्हणून लिहिते. तुझ्या आदर्शला शाळेत घातलंस, बरं केलंस. मी अजून शिवाजी पेठेतल्याच खोलीवर आहे. खाली तालमीची पोरं फुटबॉलवरून भांडत असतात. त्या कालव्यात अभ्यास करायची सवय झालीय.

मध्यंतरी मी संशोधनाच्या एका फेलोशिपला अर्ज केला. वर्षभराचं काम आहे. साप चावून वाचलेल्या माणसांच्या किडन्यांचं पुढं काय होतं, ते त्यांच्या घरी जाऊन तपासायचं. एमडीच्या प्रवेशात त्यानं एक गुणही वाढत नाही. परीक्षेत मेडिसिनला पुरतील एवढे गुण पडले नव्हते, वर्ष रिकामं जाऊ नये, एवढ्यासाठीच मी अर्ज भरला होता.

मुलाखतीआधी आमच्या वॉर्डाच्या सरांनी जुन्या पेशंटना फोन करायला बसवलं. त्यात बिद्रीजवळच्या झुंबरबाई होत्या. वैरण कापताना घोणस चावली, तेव्हा त्या आमच्याच वॉर्डात होत्या. मी इंटर्न होते. बऱ्या होऊन त्या चालत घरी गेल्या होत्या. फोनवर म्हणाल्या, "बरी हाय की मी. लघवी तेवढी कमी हुतीया." मी एसटीनं गेले. पाय दाबून बघितला तर बोटाचा खड्डा तसाच राहिला. रक्त तपासलं, किडन्या जवळजवळ निकामी. आता डायलिसिसवर आहेत. घरी सोडल्यावर त्यांना परत कुणी बोलावलंच नव्हतं. आम्हीही नाही.

मुलाखतीत एका मॅडमनी विचारलं, "एमडीला सीट लागली तर हे मध्येच सोडून जाणार का?" माझ्या तोंडून "न्हाय" गेलं. अगदी गावातल्यासारखं. त्या हसल्या. माझी निवड झाली.

पण पत्र लिहायचं कारण ते नाही. त्यानंतर एमडी प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत मला बधिरीकरणाची सीट लागली, ते तुला माहीत आहे. तूच आबांना सांगितलंस आणि त्यांनी नेसरीभर पेढे वाटले. तिथं हजर व्हायची मुदत काल संपली. मी गेले नाही. पुढच्या वर्षी मेडिसिनसाठी पुन्हा परीक्षा देईन. लागेलच असं नाही. सकाळी आबांना सांगायला फोन केला होता. "बोला डॉक्टरीणबाई," म्हणाले. मी उसाला पाणी पाजलं का एवढं विचारलं आणि फोन ठेवला. तू गावातच नांदतेस, संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बस आणि सांग. पोरीची सीट हुकली, असं ते लोकांना सांगायला लागतील. तसं सांगू देऊ नकोस. लागलेली सीट मी सोडली, असंच सांग.

तुझीच धाकटी,
अनुजा