बाबलीचं गाऱ्हाणं आणि आमचं न खपणारं घर

मु. कुणकेश्वर
४ मार्च १९५९

तीर्थस्वरूप गुरुदासदादांच्या चरणी अप्पाचा साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नसल्यामुळे कागदावरच). तुमचं पोट आता ताळ्यावर आलं असेल आणि वहिनी सुखरूप असतील असं धरून चालतो. तुमची बहीण सध्या बरी आहे. पण पावसाळ्यात विमलाला दमा असा धरतो की बिचारी उशीला पाठ टेकून रात्री काढते. डॉक्टर म्हणतात, समुद्राची दमट हवा सोडा. लेक शुभदा कोल्हापूरला बोलावते आहे. पण जावयाच्या घरी कायमचं राहणं मला जमणार नाही, आणि इथलं घर विकल्याशिवाय तिथे बिऱ्हाड होणार नाही. म्हणून मृगाच्या आत घर विकायचं ठरवलं आणि बाबलीला दलाल केलं. तिथेच माती खाल्ली.

बाबली गावचा मानकरी. देवळात गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं तोच घालतो, आणि फावल्या वेळात घरं नि आंब्याची कलमं विकून देतो. माणूस सज्जन आहे (हाच त्याचा दोष). घराचा व्यवहार म्हणजे शुभकार्य, तेव्हा गिऱ्हाईक आलं की तो आधी उंबऱ्यावर नारळ ठेवतो, सगळ्यांना हात जोडून उभं करतो आणि सुरू होतो. “बा देवा म्हाराजा! ह्या घराची बाव वैशाखात आटता, ती भरलेली रवांदे रे म्हाराजा!” गिऱ्हाईक रीतीप्रमाणे म्हणतं, “व्हय म्हाराजा!” “वाश्यांक वाळवी लागली आसा, ती आसा थयच थांबांदे रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” “चुलतभावान वाटेचो दावो लावलो आसा, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा!” हा शेवटचा होकार गिऱ्हाईक पायात चपला सरकवताना देतं. देवगडचे एक मास्तर तर नारळ फुटेपर्यंतही थांबले नाहीत.

मी बाबलीला झाडलं. तर तो शांतपणे म्हणतो, “अप्पानू, गिऱ्हायकाकडे खोटा बोलता येता. देवाकडे कसा बोलू?” आणि मी तर पस्तीस वर्षं शाळेत मुलांना हेच शिकवलं.

मग मी शक्कल लढवली. बाबली देवळात असताना तळेऱ्याच्या एका व्यापाऱ्याला परस्पर बोलावलं. तो आला, अंगण पाहून खूश झाला, आणि उंबऱ्याशी थबकला. गाऱ्हाणं नाही म्हणजे नक्की काहीतरी लपवताय, असं तो म्हणाला. शेवटी नारळ मीच हातात घेतला. नुसते गुण सांगायचे असं मनाशी पक्कं होतं. पण नारळ हातात आला, व्यापारी हात जोडून समोर उभा राहिला, आणि माझ्या तोंडून निघालं, “देवा, न्हाणीघराची मागची भिंत फुगली आहे, ती पडू देऊ नकोस!” (ही भिंत तोवर बाबलीलाही ठाऊक नव्हती.) व्यापारी “व्हय म्हाराजा” म्हणून दुपारच्या गाडीने परत गेला.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
अप्पा

ता. क. तुम्ही यंदा नोकरीतून मोकळे होणार आणि गावाकडे घर बघताय असं कानावर आलं. आमचं बघावं. घर उत्तम आहे. वरचा मजकूर फार मनावर घेऊ नये.

आणखी ता. क. विमलाने पत्र वाचलं. विहीर, वाळवी, भिंत सगळं भावालाच लिहून कळवल्याबद्दल तिने माझी अक्कल काढली. मग ओटीवर जाऊन खांबाला टेकून बसली. मला वाटलं, घर सोडायचं म्हणून वाईट वाटतंय. तर म्हणाली, “आवय गेल्यापासून माका माहेर उरूक नाय. दादान ह्या घर घेतल्यान, तर उन्हाळ्यात मी हयच माहेराक येतलंय.” दादा, तीस वर्षं ती या घरात सून म्हणून राबली, आणि हे मला सुचलं नव्हतं. भाव तुम्ही म्हणाल तो.