मॉमॉचा भात

२ नोव्हें., रविवार. सोहार, ओमान

सकाळी सलीलने नाश्त्याला परत पुण्याचा फ्लॅट काढला. "आई, तिथे लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहे, तुझ्या वयाची माणसं आहेत." माझ्या वयाची माणसं! मी काय वय बघून माणसं निवडते? माझं रेसिडेंट कार्ड जानेवारीत संपतंय. ते पुन्हा करायचं की मला विमानात बसवायचं, यावर नवरा-बायकोची बंद दाराआड चर्चा चालते आणि मला निकाल कळवला जाणार आहे. विमा कंपनीत जन्म गेला, साहेबांची इंग्रजी पत्रं दुरुस्त करण्यात. तिथेसुद्धा मला विचारल्याशिवाय माझं टेबल कुणी हलवलं नाही.

म्हटलं, "रेवा डिसेंबरात सुट्टीला येतेय. ती येऊन जाऊ दे. मग काय ते बघा."

सून मंजिरी लगेच, "हो हो, रेवा येईपर्यंत काहीच नाही."

म्हणजे तोवर मी आहे.

(यापुढे स. आणि मं. एवढंच लिहिणार. बोटं आखडतात.)

इथे रविवार कामाचा, दोघं गेली कामावर. स. प्लांटवर, मं. शाळेत. नात रेवा ऑगस्टपासून अमेरिकेत, लुइझियानात शिकायला. उरलो मी आणि एसी. एसी जास्त बोलतो.

दुपारी रेवाने फोटो पाठवला. काळं पातेलं, त्यात तपकिरी भात, सॉसेजचे तुकडे. खाली: "आजी हे जंबालाया रूममेटच्या घरी खाल्ला सेम तुझा मसालेभात मी आल्यावर तू करशील". कॉमा नाही, फुलस्टॉप नाही, प्रश्नचिन्ह नाही. पण "तू करशील" आहे. या घरात हल्ली मला कुणी काही करायला सांगत नाही. "आई, तुम्ही आराम करा." आराम कधी संपतो ते मात्र कुणी सांगत नाही.

४ नोव्हें., मंगळ.

रेवाने कृती सांगितली. कांदा, सिमला मिरची, सेलरी. या तिघांना तिकडे म्हणे "होली ट्रिनिटी" म्हणतात. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर बेनेडिक्टांनी हे ऐकलं असतं तर आख्ख्या लुइझियानाला गुडघ्यांवर उभं केलं असतं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. यातली सिमला मिरची कोण?

खालच्या दुकानात गेले. दुकानदार हमीदभाई, केरळचे.

"सेलरी है?"

"सॅलरी मंथ एंड, मॅडम. किसका सॅलरी?"

"अरे, सॅलरी नहीं, सेलरी. हरा. पत्ता."

"कोथमीर?"

"कोथमीर मांगना होता तो मैं कोथमीर नहीं बोलती?"

शेवटी फोनवर फोटो दाखवला. "ओ! करफस! करफस बोलो ना, मॅडम!" शेजारी उभा असलेला ओमानी गृहस्थही हसून म्हणाला, "करफस." सगळ्या सोहारला ठाऊक, मला सोडून. चार वर्षांत अरबी किती आलं? यल्ला, खलास, इन्शाल्ला. माझी विद्वत्ता खलास.

सॉसेज चिकनचे घेतले, फ्रीजरमधले. तिकडे डुकराचे, धुरावलेले लागतात. ते सोहारात कुठून आणू?

७ नोव्हें., शुक्र.

सुट्टी, म्हणून दोघं घरी. केला. सॉसेज परतले, तिघं पवित्र घातले, टोमॅटो, सेला तांदूळ, कोंबडीचं पाणी. रंग छान लाल आला.

स. म्हणाला, "मस्त. मसालेभातात सॉसेज."

मं. म्हणाली, "छान झालाय आई, वेगळा." वेगळा. "वेगळा" म्हणजे काय ते मला कळतं. मीही सासूबाईंना तेच म्हणायचे.

रेवाला फोटो धाडला. उत्तर फोनवरच: "आजी, टोमॅटो घातलास? नो नो! मॉमॉ म्हणते टोमॅटो शहरातले लोक घालतात."

"मॉमॉ कोण?"

"माझ्या रूममेटची आजी. सगळे तिला मॉमॉ म्हणतात. मी पण."

मी पण! मॉमॉ म्हणे. मांजराला दूध घालताना मारतात तशी हाक. आणि मी शहरातली तर शहरातली. दादरची आहे, लपवते कुठे?

रंग येतो कसा मग? सॉसेज पातेल्याला लागू द्यायचे, अगदी करपायच्या बेतात आणायचे, मग बूड खरवडत कांदा घालायचा. सगळा रंग खरवडण्यातला. भांडं बिडाचं हवं. आणि एकदा झाकण ठेवलं की ढवळायचं नाही. हे शेवटचं मला कुणी मॉमॉने शिकवायला नको होतं.

१२ नोव्हें., बुध.

दिवसभर कुणाशी बोलले नाही. हमीदभाईंनाही नाही, दूध होतं. खाली नॅशनल डेचे झेंडे आणि दिवे लावताहेत, शिडीवरचा माणूस गात होता, कोणत्या भाषेत ते कळलं नाही. खिडकीत उभी राहिले तो उतरेपर्यंत.

संध्याकाळी रेवाचा आवाजी निरोप. अर्धा इंग्रजी, अर्धा तिच्या अडखळत्या मराठीत. तीनदा ऐकला.

"आजी, मी डिसेंबरमध्ये नाही येत. मॉमॉकडे ख्रिसमसला बोलावलंय आणि नंतर एक प्रोजेक्ट आहे. समरला येईन, प्रॉमिस. आई-बाबाला तू नको सांगू. मी सांगेन. ते रागवणार. तू नाही रागवत."

मी नाही रागवत! अठरा वर्षं हिने काय पाहिलं?

नंतर लक्षात आलं. ती येत नाही म्हणजे "रेवा येईपर्यंत" संपलं. आणि हे या घरात फक्त मला ठाऊक आहे.

१६ नोव्हें., रवि.

बोलले नाही. रेवाने "नको सांगू" म्हटलंय, म्हणून गप्प आहे. असं स्वतःला सांगते. स्वतःला पटत नाही.

मं.ने रेवाच्या खोलीतले पडदे धुतले. ते वाळत घालायला मी धरू लागले. ती म्हणाली, "आई, ती आली की दोन दिवस नुसती झोपू देते तिला. मग रुस्ताकला जाऊ, किल्ला बघायला. तुम्हीही चला." म्हटलं, "चिमटे दे."

स. विमानतळावर घ्यायला जायची रजा टाकतोय. सांगायला हवं. उद्या रेवाला बजावते, तू सांग, नाहीतर मी सांगेन.

१७, सोम.

बजावलं नाही. तिचा फोन आला, तिने भाताचं विचारलं, मी भाताचं सांगितलं. कितीतरी वेळ बोललो. इतक्या वेळ ती ऑगस्टपासून बोलली नव्हती. मध्ये पलीकडून कुणी हाक मारली, "कमिंग, मॉमॉ!" आणि गेली.

२३, रवि.

ठरवलं. या गुरुवारी रात्री नीट, टोमॅटोविना, पूर्ण विधीपूर्वक करणार. गुरुवारची रात्र म्हणजे सुट्टीची सुरुवात, सगळे निवांत. खालच्या मजल्यावरच्या परबांनाही बोलावलं. क्रेनचं काम करतात, बायको-मुलं मालवणजवळ गावी. बिडाचं पातेलं त्यांच्याकडेच मिळालं, मासे शिजवतात त्यात. आणि गुरुवारी रेवाही मॉमॉकडे असणार, तिकडे त्यांचा थँक्सगिव्हिंग, टर्की खायचा सण. म्हणाली, "आपण व्हिडिओवर दोन्ही जंबालाया बघू!" बघूच.

मं. म्हणाली, "ह्या गुरुवारी, आई? पण ह्या गुरुवारी—"

"का? आता माझ्या स्वयंपाकालाही परवानगी लागते?"

"नाही नाही. तसं नाही." गेली.

२८, शुक्र. सकाळ

काल काय झालं ते लिहून काढते.

दुपारपासून ओट्याशी. सॉसेज लागू दिले, खरवडले, कांदा विरघळेपर्यंत परतला, करफस बारीक. रंग आला, हवा तसा, खमंग तपकिरी. झाकण ठेवून बाहेर आले तर हॉलमध्ये पाट, रांगोळी, कलश, नारळ, झेंडूच्या माळा. मं. नवी साडी नेसून पोथी घेऊन बसलेली.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार!

भिंतीवरचं कॅलेंडर हमीदभाईंच्या दुकानातलं, इंग्रजी-अरबी. त्यात सगळं आहे, मार्गशीर्ष नाही. आणि मी हे कधी केलंच नाही. आमच्याकडे सासूबाई करत, मी ऑफिसात. मं. खालच्या आवाजात म्हणाली, "मी त्या दिवशी तेच सांगत होते, आई." हे मला तेव्हा ठणकावून सांगायला काय झालं होतं? (मी बोलू दिलं नाही. माहीत आहे.)

स.ही तिच्याबरोबर पाळतो. हे मला नवीन. परब आले, दारातूनच वास घेतला, आणि चेहरा असा पडला. "काकी, माका खावसा वाटता हो. पण आज मार्गशीर्षातलो गुरवार. बायलेन फोनार बजावल्यान, हात लावशात तर बघा." मं.ने त्यांना वरण-भात, पुरी, बटाट्याची भाजी वाढली. मी एकटीने जंबालाया वाढून घेतला आणि टेबलाच्या टोकाला बसले. लक्ष्मीकडे पाठ नको म्हणून खुर्ची फिरवून. परब माझ्या ताटाकडे बघत भाजी खात होते.

तेवढ्यात रेवाचा व्हिडिओ. तिकडे सकाळ. तिच्यामागे एक धिप्पाड गोरी बाई, पांढरे केस, एप्रन, हातात लाकडी कालथा. ही मॉमॉ. तिचं इंग्रजी म्हणजे काय सांगू! व्याकरण कुठेतरी दलदलीत बुडालेलं. मी पातेलं फोनपुढे धरलं. ती वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "दॅट्स राइट, बेबी. दॅट्स द कलर." मला कुणी बेबी म्हटल्याला किती वर्षं झाली असतील. आवडलं. लिहून टाकते, आवडलं.

मग ती मं.कडे बघून म्हणाली, "अँड डोन्चू वरी, ममा, वी गॉट हर फॉर ख्रिसमस टू!"

रेवाचा चेहरा. मं.चा चेहरा. परब उठून हात धुवायला गेले, भाजी अर्धी टाकून.

फोन कसा बंद झाला आठवत नाही. मं. पाटासमोर बसली. रडली नाही, माळ सारखी करत राहिली. स. माझ्याकडे वळला. "आई, तुला माहीत होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"तू रजा टाकायच्या आधीपासून."

"मग सांगितलं का नाहीस? मंजिरीने पडदेसुद्धा धुतले!"

रेवाने नको म्हटलं होतं, हे तोंडावर आलं होतं. ते बोलले नाही. म्हटलं, "ती येईपर्यंत मी इथे आहे, असं ठरलं होतं ना."

परब बाहेर आले, "येतंय काकी" म्हणाले, गेले.

२९, शनि.

काल दिवसभर घरात कुणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. दुपारी स्वयंपाकघरात गेले, तर मं. फ्रीजपुढे उभी, डब्यातूनच गार जंबालाया खात होती, चमच्याने. मला बघून थांबली.

"गरम करून घे," म्हटलं.

"असाच चांगला लागतोय." मग म्हणाली, "ती तिला पण आजी म्हणते?"

"नाही. मॉमॉ म्हणते."

"हं." पुन्हा खाऊ लागली. मी निघून आले. उभं राहायला हवं होतं का तिथे? तिची मुलगी येत नाही, आणि मी माझं कार्ड धरून बसलेले.

आज संध्याकाळी स. मला एकटीला समुद्रावर घेऊन गेला. गाडीतच, पुढे बघत म्हणाला, "आई, तुला पुण्याला जायचंय, की इथे राहायचंय? तू सांग. आम्ही ठरवत नाही."

अखेर विचारलं. इतके महिने याच एका वाक्यासाठी भांडतेय. आणि मी काय म्हणावं? "सिग्नल सुटलाय, पुढे घे."

१ डिसें., सोम.

स. म्हणतो, बुधवारपर्यंत सांग, कागद पुढे न्यायचेत.

पुण्यात कोण आहे? फ्लॅट आहे. शेजारी मराठी बोलतील, पेपर येईल, करफसला सेलरी म्हणता येईल. इथे कोण आहे? दिवसभर कुणीच नाही, आणि संध्याकाळी दोन थकलेली माणसं. त्यांना मी हवी आहे की मी असल्याची सवय आहे, हे त्यांनाही माहीत नसेल. विचारून कळणारी गोष्ट नाही ती.

रेवाचा निरोप: "आजी सॉरी. तू रागवलीस?" लिहिलं, "हो. कॉमा घालत जा."

मं. शाळेतून लवकर आली. माझ्या दाराशी थांबली. "आई, झोपलात?"

"नाही. का गं?"

"काही नाही." मग, "गुरुवारी पुरणाचं करायचं म्हणतेय. मला नीट जमत नाही." आणि गेली.

जमत नाही, एवढंच म्हणाली. तुम्ही कराल का, असं म्हणाली नाही. की मीच वाक्य पुरं होऊ दिलं नाही? नाही, या वेळी मी तोंड उघडलंच नव्हतं.

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येतोय. अजून आत गेले नाही.