सुगंधाने पाहिलेली नाडी

मालवण,
ऑगस्ट १९६१

प्रिय सुगंधा,

आबाचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, असं लिहून मोकळा झालो असतो. पण डॉक्टर होणाऱ्या मुलीपुढे ते चालत नाही.

मे महिन्यात घरी आलीस, सहज माझं मनगट हातात घेतलंस आणि तुझा चेहरा बदलला. "आबा, तुमची शीर सुंभासारखी कडक लागता," म्हणालीस. मी हसलो. उभा जन्म गलबतावर दोर ओढले, शीर मऊ कशी राहील? तू ऐकलं नाहीस. माझ्या पायावर बोट दाबून पडलेला खळगा दाखवलास. दुसऱ्या दिवशी परसात माझी लघवी काचेच्या नळीत घालून दिव्यावर तापवलीस. तुझी आई कपाळाला हात लावून म्हणाली, "शिकान शिकान ह्याच शिकलंस गो?" नळीतलं पाणी पेजेसारखं पांढरं झालं, तेव्हा मात्र तिनेच विचारलं, "ह्या काय गो?" मूत्रपिंड बिघडल्याची ती खूण, असं तू सांगितलंस.

तुझ्या हट्टापायी सावंतवाडीच्या डॉक्टरांकडे गेलो. दंडाला पट्टा बांधून त्यांनी दाब पाहिला, रक्त तपासलं. म्हणाले, "तांडेल, दाबाने धमन्या कडक झाल्यात. मूत्रपिंडातल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्याही खराब होत चालल्यात. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते सांभाळू. काही दुखत नसताना हे ओळखलं कोणी?" मी खुर्चीत ताठ बसलो. "माज्या चेडवान," एवढंच तोंडून निघालं. परतताना एस.टी.त शेजारच्या अनोळखी माणसालाही सगळी हकिगत ऐकवली. त्याने विचारलं नव्हतं.

आता गोळ्या घेतो. मीठ बंद. तुझी आईही माझ्याबरोबर अळणीच जेवते. "माका आवाडता," म्हणते. खोटं बोलते. पायांची सूज उतरली आहे. पावसाळा सरला की माझ्या जागी सत्यवान तांडेल होऊन गलबत नेईल. माझ्याच हाताखाली तयार झालाय, काळजी नाही.

काल तुझा लवूकाका मुंबईहून आला. शेवटच्या वर्षाची परीक्षा सोडून तू माझ्या सेवेला येणार, कॉलेजात द्यायचा अर्जही लिहून ठेवलायस, असं त्याने सांगितलं. म्हणून हे पत्र. तो अर्ज फाडून टाक. शेजारची सीताकाकू सुजलेले पाय दाखवत विचारून गेली, "सुगंधा कधी येतली?" तिला तूर्त सावंतवाडीच्या डॉक्टरांकडे धाडलं आणि सांगितलं, येईल ती डॉक्टर होऊनच येईल. मी किती वर्षं काढीन ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तू परीक्षेला बस. बाप आजारी पडला म्हणून पोरीची डॉक्टरकी राहिली, असं गावात कुणी म्हटलं, तर ते मला सोसायचं नाही.

तुझाच,
आबा