बाबांचा खरा आकडा

वणी
१२ जानेवारी २०२५

प्रिय संघदीपदादा,

सप्रेम जय भीम. आईची तब्येत बरी आहे. गुडघे दुखतात, तरी तूर सोंगायला जातेच, ऐकत नाही. वहिनी अन् सलोनी मजेत असतील. सलोनीची परीक्षा कधी आहे ते कळव.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहून राहिले. उचलला असतास तरी मला हे बोलता आलं नसतं.

बाबांना पोचवून आलो त्या दिवशी तू अंगणात सगळ्यांसमोर विचारलंस, "रुपा, तू दर महिन्याला त्यांचा श्वास मोजत होती. तुले काहीच कसं नाही समजलं?" मी म्हटलं, मोजण्यात काही दिसलं नाही.

दादा, दिसलं होतं.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. नागपूरच्या उर्वशी मॅडमनी कापसाच्या कापडात बारीक जाळीचा थर घालून नवा मास्क तयार केला. कोळसा चढवतात-उतरवतात त्या रेल्वे सायडिंगवरच्या साठ माणसांना तो दिला, त्यात बाबाही होते. आत बटणाएवढी चिप होती. मास्क दिवसातून किती तास घातला ते तिच्यावरून कळायचं. अन् मी घरोघरी जाऊन एक नळी फुंकायला लावायची. काटा थांबेल तो आकडा वहीत लिहायचा. अडीचशेच्या खाली आला, तर त्याच आठवड्यात यवतमाळला छातीच्या डॉक्टरकडे पाठवायचं, असा नियम.

बाबा मास्क इमानदारीनं घालायचे. ट्रकवर चढून ताडपत्री बांधतानाही काढत नसत. पण बावीस वर्षांची धूळ आधीच आत गेली होती. एप्रिलमध्ये काटा दोनशे वीसवर थांबला. तीनदा फुंकायला लावलं. तेवढाच.

"लिहू नको," बाबा म्हणाले. "ठेकेदाराले समजलं तर उद्यापासून येऊ नको म्हणन. घरी बसून मी काय करू, पोरी?"

मी तीनशे दहा लिहिलं. मे, जून, जुलैतही तसंच. आमच्या वहीतली नावं ठेकेदाराला कधीच कळत नाहीत, हे मी बाबांना पटवायला पाहिजे होतं. एकदा सांगितलं अन् सोडून दिलं. खरं सांगू? बाबा आजारी आहेत हे मलाच लिहायचं नव्हतं.

गोष्ट फुटली. आणखी चौघं म्हणाले, तुझ्या बापाचं, डोमाजीचं, लिहितेस तसं आमचंही लिही. मी लिहिलं.

ऑगस्टमध्ये बाबांना ताप आला. पुढचं तू पाहिलंस.

नोव्हेंबरच्या बैठकीत उर्वशी मॅडमनी भिंतीवर आलेख दाखवला. म्हणाल्या, "रुपालीच्या साठ जणांत एकही अडीचशेच्या खाली नाही. मास्कचा गुण दिसतोय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला बसवेना. उभी राहून सांगितलं, आकडे खोटे आहेत.

"किती जणांचे?"

"पाच. त्यातले एक माझे बाबा होते."

मॅडम रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. माझ्या सगळ्या वह्या बाद केल्या. कामावरूनही काढलं. फक्त एवढं म्हणाल्या, "ते चौघं जिवंत आहेत ना? मग आधी त्यांच्याकडे जा."

माझ्या जागी आलेल्या दिपालीला घेऊन दुसऱ्याच दिवशी गेले. तिघं यवतमाळला जायला तयार झाले. फकिराकाका ऐकेनात. नळी हातात घेऊन मला विचारलं, "तुह्या बापाचा खोटा लिहिला, मंग आता माहाच खरा कायले पाहिजे?"

"म्हणूनच, काका. खरा लिहिला असता तर डॉक्टरकडे न्यावं लागलं असतं. मी नेलं नाही."

काकांनी नळी तोंडाला लावली. फुंकली. एकशे नव्वद. सोमवारच्या बसनं आम्ही सोबत गेलो. चौघांनाही औषधं चालू आहेत. काकांचं काम मात्र सुटलं. दम लागतो, ट्रकवर चढता येत नाही. त्यांची बायको माझ्याशी बोलत नाही, काका बोलतात.

मास्क चांगला की वाईट, ते अजून कोणालाच माहीत नाही. मोजणी पहिल्यापासून सुरू झाली आहे.

आईला सगळं सांगितलं. भाकर थापता थापता तिनं ऐकलं. तव्यावरची करपली तरी उलटली नाही. मग म्हणाली, "दादाले तूच सांग. माह्या तोंडून नको."

वेळेत नेलं असतं तर बाबा वाचले असते का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. हे सुटका म्हणून लिहीत नाही. तेवढंच मला माहीत आहे.

माफ कर असं लिहिणार नाही. तुला जे म्हणायचं ते घरी येऊन, माझ्यासमोर म्हण. आईही तुझी वाट पाहते.

बाबांची अन् तुझी अपराधी,
रुपाली