न उष्टावलेला कप

प्रिय अक्का,

सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नाही. स्वयंपाकघरातून माजघरात, माजघरातून ओसरीवर आणि फिरून फिरून त्या काचेच्या कपाटापाशी! नागपूरच्या मिशनच्या शाळेत आमच्या मदर म्हणायच्या, मन थाऱ्यावर नसलं की ज्याच्याशी बोलायचं आहे त्याला पत्र लिहावं, ते टपालात पडलंच पाहिजे असं नाही. मला आज फक्त तुमच्याशी बोलायचं आहे. आणि नेमक्या तुम्हीच नाही!

उद्या तुमचा दहावा. दहाव्याला सुतकातली माती घराबाहेर जाते, हे मी तुम्हाला काय सांगावं? थोरल्या जाऊबाईंनी सकाळीच पाण्याचे माठ, रांजण, विरजणाची गाडगी ओसरीवर काढली. मग पदराला हात पुसत त्या कपाटापुढे उभ्या राहिल्या.

"अन् हे व?"

"हे चिनी मातीचं आहे, जाऊबाई."

"मातीचंच न? तूच म्हणून राह्यली. मंग?"

जेवणं झाली की येऊन निवाडा करते, असं सांगून त्या गेल्या. अक्का, मी काय बोलायला हवं होतं? सगळा सेट, मामंजींनी हौसेनं आणलेला, तुम्ही इतकी वर्षं धुतलेला, उद्या गाडग्यांबरोबर खड्ड्यात जायचा का? मागच्या वेळी तुम्ही होतात. या वेळी कोण बोलणार?

आठवतं का, मी लग्न होऊन केनवडला आले तेव्हा हा सेट नुकताच घरात आला होता? वाशीमच्या एका साहेबानं बदली झाल्यावर बंगल्यातलं सामान लिलावात काढलं आणि मामंजींनी हा सेट कडब्यात गुंडाळून बैलगाडीतून आणला. साहेबाच्या आजीच्या लग्नातला म्हणे. पांढऱ्यावर निळी वेल आणि काठाला केसाएवढी सोनेरी रेघ. पण त्यातलं काय कशासाठी, हे घरात कोणाला ठाऊक होतं? सूपाच्या झाकणाच्या भांड्यात तुम्ही लिंबाचं लोणचं मुरत घातलं होतं! आणि ते नावेसारखं, चोचीचं भांडं हातात घेऊन मला म्हणालात, "साहेबाच्या लेकराचं बोंडलं केवढं मोठं व!"

मी नवी नवरी, तुम्ही नणंद, तरी मी खो खो हसले. म्हटलं, "अहो अक्का, हे रस्सा वाढायचं आहे."

"रस्सा वाढाले पळी नसते का त्याईच्या घरी?" तुम्ही फणकारलात.

पुढं शांती झाली, मी तापानं फणफणले, अंगावर दूध उतरेना. तेव्हा तुम्ही त्याच भांड्याच्या चोचीनं तिला गाईचं दूध पाजलंत. साहेबाचं रश्श्याचं भांडं अखेर बोंडलंच झालं! आता शांती बाळंतपणाला येते आहे. तिनं बजावून ठेवलंय, "आई, माझं बोंडलं कोणाला देऊ नको." तिला काय सांगू मी, उद्या ते गेलं तर?

मला जुन्या चिनी भांड्यांचं वेड लागलं ते या सेटामुळंच. कारंज्याच्या व्यापाऱ्याकडून, शेलूबाजारच्या बाजारातून मी एकेक जुनी बशी शोधून आणायची आणि तुम्ही दारातच म्हणायच्या, "आली का आणखी एक सवत? खाणारी तोंडं तेवढीच न व बाप्पा!" पण त्या सवतींचे लाड कोण करायचं? परातीत गोधडीचा तुकडा अंथरून, रिठ्याच्या कोमट पाण्यात, माझ्याआधी तुम्हीच त्यांना न्हाऊ घालायच्या. राखेचं बोट लागू द्यायच्या नाहीत. सोनेरी रेघ जाईल म्हणून.

आणि त्यातून कधी एक घोटही प्यायल्या नाहीत! हे मला आजही टोचतं, अक्का.

घरचा नियम मला माहीत होता. पितळ राखेनं घासलं की शुद्ध होतं आणि कोणालाही चालतं. माती एकदा उष्टावली की ज्याची त्याची, दुसऱ्यानं तिला तोंड लावायचं नाही. म्हणून मामंजींनी तोड काढली होती, ज्याला त्याला आपापली ताटली, आपापला कप. तुमच्यासाठी मी कप निवडला होता. ज्याच्या कानापाशी वेलीला एकच फूल आलंय, तो. मामंजी तुम्हाला हसत म्हणायचे, "घे न पोरी, साहेबाचं भूत नाही त्यात." तुम्ही तो हातात घ्यायच्या, पदरानं पुसायच्या आणि परत ठेवायच्या. शेवटी एकदा कबूल झालात, "बरं, पाडव्याले पिईन."

पाडव्याआधीच मामंजी गेले.

तेव्हाही अशीच गाडगी ओसरीवर निघाली होती. भावकीतली म्हातारी माणसं म्हणाली, कपाटातलं सगळं बाहेर काढा. आणि तुम्ही, पुरुषांपुढे कधी आवाज न काढणाऱ्या, विधवा लेक म्हणून माहेरी मागच्या दारानं वावरणाऱ्या, चौकटीत येऊन उभ्या राहिलात! "ज्याची माती त्याच्यासंगं जाऊ द्या. बाकीच्यायनं काय केलं?" मामंजींची ताटली आणि कप तेवढा शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या कडुलिंबाखाली पुरला. सेट वाचला.

पाडवा आला. मी तुमच्या कपात चहा ओतायला घेतला, तर तुम्ही माझा हात धरलात. "राहू दे धाकले. मले पितळच बरं." पुढच्या पाडव्याला तेच. त्याच्या पुढच्याही. एकदा मी रागानं विचारलं होतं, "मदरच्या शाळेत शिकले म्हणून माझ्या हातचा कप विटाळतो का तुम्हाला?" तुम्ही नुसत्या हसलात. "हेच शिकवलं का व तुले शाळेत?"

ते काय उत्तर झालं, अक्का? नीट सांगता आलं नसतं का?

जाऊबाईंची हाक आली. आल्या वाटतं. येते.

आले. सांगते सगळं.

जाऊबाईंनी कपाट उघडलं आणि एकेक वस्तू हातात घेऊन विचारायला लागल्या. "हे कोणाची?"

"ह्यांची."

"हे?"

"तुमचीच की, जाऊबाई! आता विसरलात?"

"हे नावेवानी?"

"शांतीचं बोंडलं."

"हाव, थे ठेव. अन् थो मांगचा कप?"

माझ्या तोंडून खोटं निघेना. "अक्कांचा," मी म्हणाले.

त्यांनी तो ओसरीवरच्या गाडग्यांकडे नेण्यासाठी उचलला. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. उजेडात धरून आत पाहिलं. चहाचा डाग नाही, तळाशी पुसटशी रेघ नाही.

"कधी प्याली व अक्का यातून?"

"कधीच नाही."

"मंग तिचा कसा?"

जाऊबाई कप घेऊन तिथंच उंबऱ्यावर टेकल्या. मग म्हणाल्या, "तुले खरंच ठाऊक नाई? मामंजी गेले तवा तू गोठ्यामांगं बसून रडत होती. अक्कानं पाह्यलं. मले म्हणे, 'थोरले, एका ताटलीपायी पोरगी केवढी रडून राह्यली. मी काई तोंड लावत नाई बाप्पा त्या सेटाले. माही पाळी आली का आणखी एक पुराले नको.'"

"मला का नाही सांगितलं कधी?"

"तुले सांगतलं असतं तर तू जबरीनं पाजला असता न!"

खरं आहे. पाजलाच असता!

जाऊबाईंनी कप परत मागं ठेवला आणि कपाट लावलं. "चाल. तिचं काई नाई यात." आणि पदर डोळ्याला लावून निघून गेल्या.

सेट वाचला, अक्का. शांतीचं बोंडलं वाचलं. मी निवांत बसायला हवं ना? पण तेव्हापासून तर मला अजिबातच बसवत नाही. 'तिचं काही नाही यात.' हे वाक्य घरभर माझ्या मागं फिरतंय. तुमचं पितळी ताट परवा राखेनं घासलं जाईल आणि कोणीही त्यात जेवेल. ज्या घरात तुमचा सगळा जन्म गेला, तिथं जिच्याकडे बोट दाखवून ही अक्कांची म्हणावी अशी वाटीसुद्धा तुम्ही मागं ठेवली नाहीत. माझ्यासाठी!

आणि तुम्हाला काय वाटलं? मी ताटलीसाठी रडत होते? वेड्या कुठल्या! मी मामंजींसाठी रडत होते. शहरातली शिकलेली सून म्हणून सगळे टोमणे मारत असताना त्यांनीच मला विचारलं होतं, "सूनबाई, हे भांडं कशाचं, तेवढं सांग." ताटलीसाठीही थोडी रडले असेन, नाही म्हणत नाही. पण त्या थोड्यासाठी तुम्ही जन्मभर पितळी पेल्यातला चहा फुंकत राहिलात? एकदा मला विचारलं असतंत तर!

आता मीही तुम्हाला न विचारता एक ठरवलं आहे. तेरवीला तुमचं पान वाढू, तेव्हा त्याच्या शेजारी तो कप ठेवीन. त्यात चहा ओतीन. मघाशी जाऊबाईंना सांगितलं, तर त्या परातीतून मान वर न करता म्हणाल्या, "मंग थो कप जाईन."

"जाऊ दे."

"सेट लंगडा होईन."

"होऊ दे."

त्यांनी कणकेचा गोळा उलटा केला. मग म्हणाल्या, "गूळ जास्त टाकजो. तिले गोड लागे."

तेव्हा हे माझं वचन, अक्का. पानावरून उठल्यावर तो कप मी स्वतः धुऱ्यावर नेईन आणि लिंबाखाली, मामंजींच्या ताटलीशेजारी ठेवीन. कपाटातली ती जागा मोकळी राहील. कारंज्याच्या व्यापाऱ्यानं अगदी तस्साच कप आणून दिला, तरी तिथं दुसरा ठेवणार नाही. कोणी विचारलं की इथला कप कुठं गेला, तर सांगीन, आमच्या अक्कांचा होता, त्यांनी नेला.

चहा निवायच्या आत या.

तुमची,
धाकली