काळा थर वर की खाली

१२ फेब्रुवारी, बुधवार

कोणाला सांगायची हिंमत नाही म्हणून लिहिते. मयूरीच्या नळीवरची खूण मी पुसली.

उथळ समुद्राच्या तळातून काढलेल्या गाळाची पारदर्शक नळी, हातभर लांब. पोरीने विशाखापट्टणमहून आणली, रविवारी नागपूरच्या प्रयोगशाळेत न्यायची आहे. "आई, हिला हात लावू नको," एवढं सांगून ती मैत्रिणीच्या लग्नाला नेरडीगोंड्याला गेली. मला डाग दिसला. ओलं फडकं फिरवलं. डाग नव्हता, बाण होता – वरची बाजू दाखवणारा. पुसताना नळी किती वेळा फिरली, आठवत नाही.

१३ फेब्रुवारी

एका टोकाला काळा चिखल, मधे शिंपल्यांची वाळू, दुसऱ्या टोकाला राखाडी गाळ. तीस वर्षं भूगोल शिकवला. आपल्याकडे काळी माती वर, मुरूम खाली. काळ्या टोकाकडे बाण काढला. मयूरीच्याच पेनाने.

१४ फेब्रुवारी

तिचा फोन. सहज विचारल्यासारखं विचारलं, नळीत आहे तरी काय?

"काळा थर म्हणजे किनाऱ्यावरची जुनी दलदल. समुद्र चढला असेल तर ती खाली गाडली जाते, वर लाटांची वाळू, त्यावर खोल पाण्यातला बारीक गाळ. मागे हटला असेल तर उलटं."

"तुला काय वाटतं?"

"वाटून काय उपयोग, आई? बाण कुठे आहे ते पाहून ठरेल. दुसरी नळी काढायला बोट काही परत जायची नाही."

माझ्या बाणाने समुद्र मागे हटवला.

१५ फेब्रुवारी

सोजरबाई भांडी घासायला आली. सकाळभर शेतात कापसाच्या पऱ्हाट्या उपटून हात सोललेले. भिंतीशी उभी नळी बघून म्हणते, "बाई, हे उलटं काऊन ठेवलं?"

काळ्या चिखलात सुतळीएवढी मुळी. मला दिसलीच नव्हती.

"मूळ खालतं बारीक होत जाते. हे तर वरतं बारीक होऊन राह्यलं. तुमी कदी पऱ्हाटी उपटली नाही वाट्टे!"

हसली. मी नाही हसले. काळं टोक खालचं. समुद्र चढलाच होता.

बाण पुसायला फडकं घेतलं. मग ठेवून दिलं. चुकलेलं उत्तर खरवडणाऱ्या पोरींना मी शून्य द्यायची. एक रेघ मारा, पुढे लिहा, म्हणायची.

१६ फेब्रुवारी, रविवार

मयूरीच्या हवाली केलं: नळी एक. माझा बाण, त्यावर एक रेघ. मुळीपाशी बाहेरून बांधलेला दोरा, सोजरबाईच्या हातचा. आणि ही वही.