उभे आणि बसलेले

९ फेब्रुवारी
निपाणीहून कुणा मगदूमांचा फोन. तंबाखूचा व्यापार मुलाच्या गळ्यात घालून हे आता इतिहास लिहायला मोकळे. इंग्रजांच्या काळात मुंबईच्या कायदेकौन्सिलात आपल्या भागातून कोण कोण गेले, कुठल्या पक्षात बसले, याची पुस्तिका काढतायत. आमच्या हॉलमधला सभासदांचा फोटो बघायचाय. "खाली नावांची पट्टी हाय का ओ आक्का?" दोनदा विचारलं. पट्टी कशाला हवी? ती झिजून कधीच गेली. या म्हटलं, पण मनात पाल चुकचुकली.

११ फेब्रु.
आप्पांना सांगितलं. "नको म्हणून कळव." एवढंच. एरवी गॅसवाला आला तरी त्याला फोटोसमोर नेऊन आपल्या आजोबांची, म्हणजे माझ्या पणजोबांची, गोष्ट ऐकवतात. लोकपक्षाचे, निवडून आलेले, शेतसाऱ्यावरून भर कौन्सिलात सरकारविरुद्ध उभे राहिले. आणि आता नको?

१४ फेब्रु.
मगदूम आले. उपम्यातला कांदा-बटाटा बाजूला सारत बसले. जैन माणूस, आधी विचारायला हवं होतं, चूक माझीच. मग उठून फोटोजवळ गेले. उभ्या रांगेतला डावीकडून तिसरा, ज्याच्या कपाळावर आप्पा रोज काचेवरून गंध लावतात, त्याच्यावर बोट. "हे आमचं पणजोबा."
मी कपबशी खाली ठेवली. "आमचे आहेत ते!"
"न्हाय ओ आक्का. आमच्या फोटूला पट्टी हाय की."
मोबाइलवर दाखवली. उभे: लोकपक्ष. तिसरं नाव मगदूम. त्या रांगेत आमचं आडनावच नाही. बसलेले: सरकारनियुक्त. तिथली नावं नेमकी वाळवीनं खाल्लेली. बरी सोयीची वाळवी. काँप्युटरवर हल्ली काय वाट्टेल ते छापता येतं. तोंडावर बोलले नाही.
मला पणजोबांचं नाक आहे असं जन्मापासून ऐकतेय. म्हणजे मी मगदूमांचं नाक घेऊन फिरतेय?
आप्पा सगळा वेळ कानाचं यंत्र काढून बसले. भांडायला उठले नाहीत. तेच जास्त खटकलं.

१५ फेब्रु.
मगदूम लबाड. नक्की. पुस्तिकेत मिरवायला एक पणजोबा हवा होता, आमचा उचलला.
पण आप्पा गप्प का?

१७ फेब्रु.
आप्पा केस कापायला गेले तेवढ्यात फ्रेम उतरवली, मागचा पुठ्ठा काढला. पट्टी झिजलेली नाही. कापलीय. फूटपट्टी धरून, ब्लेडनं, सरळ. कोपऱ्याशी ब्लेड जरा पुढे गेलंय. पेपरातली कात्रणं आप्पा अशीच कापतात, कोपऱ्यात नेहमी ब्लेड पुढे जातं.
मगदूमांना मनातल्या मनात काय काय म्हणाले मी.

१८ फेब्रु.
आप्पांना यंत्र घालायला लावून विचारलं.
"आईनं मला लहानपणी आजोबा म्हणून बसलेलेच दाखवले होते."
"मग?"
"सीमाभागाच्या सभांत बोलायचो गं मी. आजोबा सरकारविरुद्ध उभे राहिले म्हटलं की टाळ्या पडायच्या. सरकारनं बसवलेला आजोबा तिथं कसा सांगू?"
"पट्टी कुठाय?"
"टाकली."
विजेची जुनी बिलंसुद्धा न टाकणारा माणूस. माझा विश्वास नाही. राग आला, रडूही आलं. शाळेत मुलांना इतिहास शिकवताना तीस वर्षं हीच गोष्ट सांगितली मी. घरी माझ्या तोंडून ऐकलीय ती आप्पांनी, आणि मान डोलावलीय.
बसलेल्यांतले आपले कोणते, विचारलं. त्यांनी यंत्र काढून ठेवलं.

२१ फेब्रु.
मगदूमांचा मेसेज. पुस्तिका सोमवारी चिकोडीला छापायला जाणार. "आक्का, तुमच्या पणजोबांस्नी कुठं घालू? उभं का बसल्यालं? तुम्ही सांगशिला तसं."
इतका साधा असतो कुणी? की लिहून घेतोय माझ्याकडून?
'उभे' लिहिलं, पुसलं. 'बसलेले' लिहिलं, तेही पुसलं. आप्पांच्या देखत ती पुस्तिका या घरात कशी ठेवायची...

२२ फेब्रु.
सकाळी काचेवर गंधाचे दोन ठिपके. एक नेहमीच्या जागी. दुसरा खालच्या रांगेत, काठी धरून बसलेल्या माणसाच्या कपाळावर. आप्पा पेपर वाचत होते, वर बघितलं नाही. पेपर उलटा नव्हता, तेही पाहून घेतलं.
भिंग आणलं. बसलेल्याचं नाक अगदी माझ्यासारखं.
पण गेल्या आठवड्यापर्यंत उभ्याचंही माझ्यासारखंच होतं.
मगदूमांचा दोनदा फोन येऊन गेला. उचलला नाही.